घरगुती शिरामार्गी पोषण : साधनसामग्रीची देयके व संकेतांक – एक अभ्यास

विषयप्रवेश

देयक व संकेतांक हा विषय आपल्या पदवी अभ्यासक्रमात शिकविला जात नाही. चिकित्सा करणे हे वैद्याचे कर्म आणि देयक करणे हे लेखनिकाचे काम, अशी आपली समजूत असते. परंतु ही समजूत दोन कारणांनी तपासून पाहण्याची वेळ आली आहे. पुणे, नवी मुंबई, चेन्नई, हैदराबाद येथील अनेक संस्थांत अमेरिकेतील वैद्यकीय देयके संकेतबद्ध करण्याचे काम चालते आणि तेथे आपले कित्येक बी.ए.एम.एस. पदवीधर तरुण वैद्य नोकरी करीत आहेत. हे पहिले कारण. दुसरे कारण आपल्या दवाखान्याशी निगडित आहे. आयुष चिकित्सेला इतर चिकित्सांच्या बरोबरीने विमासंरक्षण द्यावे, असा आदेश विमा नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये काढला व तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्यामुळे आपले केसपेपरही आता त्रयस्थाच्या तपासणीखाली येणार आहेत.

या विषयाच्या अभ्यासासाठी आम्ही मुद्दाम एक अवघड उदाहरण निवडले आहे. ज्याचे आतडे अन्न शोषू शकत नाही, अशा रुग्णाला त्याच्या घरी शिरेवाटे संपूर्ण पोषण दिले जाते. अमेरिकेत या पोषणाची व त्याच्या साधनांची देयके कशी होतात, हे प्रस्तुत लेखात पाहू. येथे देयक अडले तर रुग्णाचे त्या आठवड्याचे अन्नच अडते. म्हणून या विषयात नोंदीचे मोल जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

पूर्वपीठिका

१९६८ मध्ये फिलाडेल्फिया येथे डॉ. स्टॅन्ली डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ शिरेवाटे दिलेल्या पोषणावर कुत्र्याच्या पिल्लांची नीट वाढ होते, हे दाखवून दिले आणि पुढे त्याच मार्गाने एका नवजात बालकाचे पोषण केले. १९७० मध्ये टोरांटो येथे भारतीय वंशाचे डॉ. खुर्शीद जीजीभॉय यांनी आतडे गमावलेल्या एका तरुण स्त्रीला हे पोषण घरी घेण्यास शिकविले. ती त्यानंतर सुमारे वीस वर्षे जगली. १९७३ मध्ये सिएटल येथील ब्रोव्हियाक, कोल व स्क्रिब्नर यांनी दीर्घकाळ शिरेत राहू शकेल असा सिलिकॉनचा कॅथेटर प्रसिद्ध केला. स्क्रिब्नर हे डायलिसिसच्या क्षेत्रातील थोर नाव. मूत्रपिंडाचे काम यंत्राने होते, तर आतड्याचे काम बाहेरून का करता येऊ नये, या विचारातून ‘कृत्रिम आतडे’ ही कल्पना रुजली. देयकाच्या दृष्टीने ही कल्पना फार महत्त्वाची आहे. त्याचे कारण पुढे येईल.

घरी लागणारी सामग्री

अशा रुग्णाच्या घरी चार प्रकारच्या वस्तू येतात. पहिली म्हणजे द्रावण. त्यात अमिनो आम्ले, डेक्स्ट्रोज, क्षार, सूक्ष्म खनिजे व जीवनसत्त्वे असतात आणि स्निग्ध द्रावण त्यात मिसळून अथवा वेगळे देतात. पिशव्या बहुधा आठवड्याच्या हिशेबाने येतात व शीतकपाटात ठेवाव्या लागतात. काही जीवनसत्त्वे लवकर नाश पावतात, म्हणून ती टोचण्यापूर्वी थोडा वेळ आधी पिशवीत घालतात. दुसरी वस्तू म्हणजे हातमोजे, जंतुनाशक, गॉज, सुया-सिरिंजा, चिकटपट्ट्या इत्यादींचा साहित्यसंच. तिसरी म्हणजे नळ्या, गाळणी, पंपाची कॅसेट, जोडण्या यांचा प्रदानसंच. चौथी वस्तू म्हणजे पंप आणि लागल्यास पिशवी टांगण्याचा खांब. बहुतेक रुग्ण रात्री दहा-बारा तास हे पोषण घेतात आणि दिवसा मोकळे राहतात.

छातीतील कॅथेटर बसविण्याची शस्त्रक्रिया, परिचारिकेची गृहभेट व रक्ततपासण्या यांची देयके ज्याने त्याने स्वतंत्रपणे करावयाची असतात. पुरवठादाराच्या देयकात त्यांना स्थान नाही.

संकेतांकांच्या तीन भाषा

एका दाव्यात तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे संकेतांकांनी दिलेली असतात.

(१) रुग्णाला काय झाले आहे? याचे उत्तर आयसीडी-१०-सीएम या व्याधिसूचीतून द्यावयाचे. अमेरिकेत ती १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आहे.

(२) काय पुरविले? याचे उत्तर हिकपिक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूचीच्या दुसऱ्या स्तरातून द्यावयाचे. या स्तरातील ‘बी’ अक्षराने सुरू होणारे संकेतांक नलिकेने व शिरेने दिलेल्या पोषणासाठी राखलेले आहेत.

(३) कोणत्या परिस्थितीत पुरविले? त्यासाठी संकेतांकापुढे दोन अक्षरांचा मॉडिफायर जोडतात. उदाहरणार्थ, वस्तू भाड्याने दिली असेल तर ‘आरआर’.

व्याधीच्या सूचीत अलीकडे झालेला एक बदल ध्यानी ठेवावा. शस्त्रक्रियेने आतडे आखूड झालेल्या रुग्णासाठी पूर्वी के ९१.२ हा शस्त्रक्रियोत्तर अपशोषणाचा सर्वसाधारण संकेतांक वापरीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून शॉर्ट बॉवेल सिंड्रोमला स्वतःचे संकेतांक मिळाले. बृहदांत्र सलग जोडलेले असेल तर के ९०.८२१, नसेल तर के ९०.८२२ आणि नोंदीत उल्लेखच नसेल तर के ९०.८२९. आंत्रनिष्क्रियतेसाठी के ९०.८३ हा संकेतांक आहे. येथे संकेतक काही ठरवीत नाही. बृहदांत्राविषयी एक वाक्य शल्यचिकित्सकाने लिहिले असेल तर निश्चित संकेतांक मिळतो. ते वाक्य नसेल तर ‘अनिर्दिष्ट’ हाच संकेतांक द्यावा लागतो.

कायद्याची दृष्टी : पिशवी हा कृत्रिम अवयव

मेडिकेअर ही पासष्ट वर्षांवरील व काही अपंग नागरिकांसाठी असलेली अमेरिकेची शासकीय विमायोजना आहे. तिच्या ‘ब’ भागात चाके असलेली खुर्ची, रुग्णशय्या इत्यादी घरगुती उपकरणांसाठी एक तरतूद आहे. शिरामार्गी पोषण त्या तरतुदीत बसत नाही. ते कृत्रिम अवयवांच्या तरतुदीत बसते. ज्याप्रमाणे गेलेल्या पायाचे काम लाकडी पाय करतो, त्याप्रमाणे निकामी आतड्याचे काम ही पिशवी, नळी व पंप करतात, अशी ही दृष्टी आहे.

या एका भूमिकेतून पुढील सर्व अटी निघतात. अवयव कायमचा निकामी असला पाहिजे, म्हणून विकार दीर्घ व अनिश्चित काळ टिकणारा असल्याची नोंद लागते. साधारणतः तीन महिने वा अधिक असा त्याचा अर्थ घेतला जातो. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे आतडे मंदावले, तर ही तरतूद लागू होत नाही. तसेच निकामी अवयव आतडेच असला पाहिजे. रुग्णाला भूक नाही, तो अशक्त आहे, वजन घटले आहे, एवढ्याने भागत नाही. अन्नाचे शोषण बिघडविणारा लहान आतड्याचा विकार अथवा अन्न पुढे सरकू न देणारा गतिविकार नोंदीत दिसला पाहिजे. नलिकेने पोषण देण्याचा विचार केला होता, तो का सोडावा लागला अथवा प्रयत्न का फसला, हेही चिकित्सकाने लिहावे लागते.

‘कायमचा’ हा शब्द लिहिताना पुष्कळ चिकित्सक कचरतात. रुग्णाची आशा आपण खुंटवीत आहोत, असे त्यांना वाटते. परंतु पुढे कधीच सुधारणा होणार नाही, अशी ग्वाही नियम मागत नाही. विकार दीर्घकाळ राहील, एवढे आजच्या स्थितीवरून सांगणे पुरेसे असते. हे माहीत नसल्याने चिकित्सक मोघम लिहितात आणि त्या मोघमपणाचा भार रुग्णाच्या कुटुंबावर पडतो.

नियमांतील बदल

जुन्या शिकवणी-टिपणांवर विसंबणाऱ्या तरुण संकेतकांसाठी काही तारखा देतो. पूर्वी तीन महिन्यांत दहा टक्के वजनघट, रक्तातील अल्ब्युमिन ३.४ वा त्याहून कमी, उरलेले लहान आतडे पाच फूट वा त्याहून कमी, असे आकडी निकष होते. सप्टेंबर २०२१ मध्ये नवे धोरण लागू झाले आणि ही आकडी चौकट गेली. या पोषणाविषयीचा जुना राष्ट्रीय निर्णय १ जानेवारी २०२२ पासून निवृत्त करण्यात आला. पुरवठादाराने भरून द्यावयाचा विशेष माहितीचा नमुना १ जानेवारी २०२३ पासून बंद झाला.

कागद कमी झाले म्हणून काम हलके झाले, असे मात्र नाही. पूर्वी ठरावीक चौकटींत उत्तरे भरून पाठवीत. आता चिकित्सकाची संपूर्ण नोंदच ते उत्तर होय. पोषण सुरू करण्यापूर्वीच्या तीस दिवसांत चिकित्सकाने रुग्णाला तपासलेले असावे लागते. तसे घडले नसेल तर कारण व देखरेखीची अन्य रीत नोंदवावी लागते. शिवाय प्रमाणित लेखी आदेश हवा. त्यात रुग्णाचे नाव वा ओळखक्रमांक, आदेशाची तारीख, वस्तूचे वर्णन, लागू असेल तेथे परिमाण, चिकित्सकाचे नाव वा क्रमांक आणि स्वाक्षरी असते.

द्रावणाचे संकेतांक

द्रावण दोन रीतींनी सिद्ध होते. औषधशाळेत सर्व घटक एकत्र करून पिशवी पाठविली तर ती पूर्वमिश्रित. घटक वेगवेगळे पाठवून घरी मिसळले तर ते गृहमिश्रित.

पूर्वमिश्रित द्रावणाचा संकेतांक दिवसाकाठी दिलेल्या प्रथिनांच्या वजनावर ठरतो :

बी ४१८९ – १० ते ५१ ग्रॅम
बी ४१९३ – ५२ ते ७३ ग्रॅम
बी ४१९७ – ७४ ते १०० ग्रॅम
बी ४१९९ – १०० ग्रॅमहून अधिक

यात डेक्स्ट्रोज, क्षार, सूक्ष्म खनिजे, जीवनसत्त्वे व मिसळण्याचे श्रम हे सर्व अंतर्भूत आहे. त्यांचे वेगळे देयक करता येत नाही. स्निग्ध द्रावण तेवढे वेगळे लावता येते. त्याचा सर्वसाधारण संकेतांक बी ४१८५ असून दहा ग्रॅम स्निग्धाचे एक एकक धरतात. दिवसाला दहा ग्रॅमहून कमी प्रथिने असलेल्या द्रावणासाठी बी ९९९९ हा संकीर्ण संकेतांक वापरतात.

गृहमिश्रित द्रावणात याउलट प्रत्येक घटक स्वतंत्र लावतात. डेक्स्ट्रोजसाठी बी ४१६४ वा बी ४१८०, अमिनो आम्लांसाठी तीव्रतेनुसार बी ४१६८ ते बी ४१७८ या मालिकेतील संकेतांक आणि जीवनसत्त्वे-क्षारादींसाठी दर दिवसाला बी ४२१६.

पूर्वमिश्रित द्रावणाचे एक एकक म्हणजे एक दिवस. पिशव्या किती, हे पाहावयाचे नाही. रुग्णाला दिवसाला ८० ग्रॅम प्रथिने चाळीस-चाळीसच्या दोन पिशव्यांतून दिली तर बी ४१९७ चे एक एकक लावावे. बी ४१८९ ची दोन एकके लावणे अशुद्ध होय.

संच, पंप व खांब

पूर्वमिश्रित द्रावणासोबत जाणाऱ्या साहित्यसंचाचा संकेतांक बी ४२२० व गृहमिश्रितासोबतचा बी ४२२२. प्रदानसंचाचा बी ४२२४. हे तिन्ही दर दिवसाचे आहेत आणि ज्या दिवशी पोषण दिले त्याच दिवसाचे लागतात. संचातील गॉज, सिरिंज वा नळी सुटी काढून तिचे निराळे देयक करता येत नाही.

सोबत नेता येणाऱ्या पंपाचा संकेतांक बी ९००४ व एका जागी ठेवावयाच्या पंपाचा बी ९००६. एका वेळी एकच पंप मान्य होतो. भाड्याने दिलेल्या पंपाचे भाडे मासिक असून ते पंधरा महिन्यांपर्यंत चालते. पहिला महिना ‘केएच’, दुसरा-तिसरा ‘केआय’ व चौथा ते पंधरावा ‘केजे’ अशी मॉडिफायरची योजना आहे. खांबाचा संकेतांक ई ०७७६ असून त्यास ‘बीए’ हा मॉडिफायर जोडतात.

खासगी विमा कंपन्यांचे देयक पुष्कळदा निराळ्या रीतीने होते. तेथे द्रावणाच्या आकारमानानुसार ‘एस’ मालिकेतील दैनिक संकेतांक चालतात. दिवसाला एक लिटरसाठी एस ९३६५, एक ते दोन लिटरपर्यंत एस ९३६६, दोन ते तीन लिटरपर्यंत एस ९३६७ व तीन लिटरच्या वर एस ९३६८. या दैनिक दरात नेहमीचे द्रावण, साहित्य व उपकरण सर्व येते. स्निग्ध द्रावण व परिचारिकेच्या भेटी वेगळ्या लावतात. मेडिकेअर ‘एस’ संकेतांक स्वीकारीत नाही. म्हणून विमा कोणाचा, हे आधी पाहून मग सूची उघडावी.

एक उदाहरण

नियम समजण्यासाठी एक काल्पनिक रुग्ण घेऊ. वय ६७ वर्षे. आतड्याच्या रोहिणीत रक्ताची गुठळी होऊन लहान आतड्याचा बहुतांश भाग काढावा लागला. सुमारे साठ सेंटिमीटर आतडे उरले असून बृहदांत्र सलग नाही. रोज रात्री बारा तास पूर्वमिश्रित द्रावण, प्रथिने ८० ग्रॅम, दोन पिशव्यांत. आठवड्यातून तीन वेळा ५० ग्रॅम स्निग्ध. सोबत नेता येणारा पंप पाठीवरच्या पिशवीत. अठ्ठावीस दिवसांचा हिशेब असा होईल :

व्याधी – के ९०.८२२
बी ४१९७ – २८ एकके
बी ४१८५ – एका वेळी ५ एकके, बारा वेळा, एकूण ६० एकके
बी ४२२० – २८ एकके
बी ४२२४ – २८ एकके
बी ९००४ आरआर – १ महिना
खांब – पंप पिशवीत वाहून नेला जातो, म्हणून लावावयाचा नाही

समजा, कॅथेटरला जंतुसंसर्ग होऊन हाच रुग्ण पाच दिवस रुग्णालयात राहिला आणि त्या पाच दिवसांत स्निग्धाच्या दोन वेळा होत्या. रुग्णालयातील पोषणाचा खर्च रुग्णालयाच्या देयकात जातो. पुरवठादाराने द्रावण व दोन्ही संचांची २३ एकके आणि स्निग्धाची दहा वेळांची ५० एकके लावावीत. अशा रुग्णांना संसर्गामुळे वारंवार दाखल व्हावे लागते. म्हणून दाखल झाल्याची व घरी आल्याची तारीख संकेतकापर्यंत न पोहोचणे हा दावा अडकण्याचा मोठा मार्ग आहे.

पुढे रुग्णाची प्रकृती सुधारून पोषण आठवड्यातून पाच रात्री करण्यात आले, तर चार आठवड्यांची एकके २० होतात. आदेश बदलला पण देयकात २८ चाच आकडा राहिला, असे घडता कामा नये.

दावा अडकण्याची अन्य कारणे

(१) द्रावण पूर्वमिश्रित आणि साहित्यसंच मात्र गृहमिश्रिताचा, अशी विसंगती.

(२) पूर्वमिश्रित द्रावणासोबत जीवनसत्त्वांचा बी ४२१६ वेगळा लावणे.

(३) एका वेळी महिन्याहून अधिक पुरवठा करणे, अथवा चालू साठा संपण्यास दहा दिवसांहून अधिक अवधी असताना पुढील पुरवठा पाठविणे.

(४) प्रथिनांचे परिमाण रुग्णाच्या वजनाच्या मानाने फार कमी वा फार अधिक असणे व त्याचे कारण नोंदीत नसणे.

(५) वृक्कविकार वा यकृद्विकारासाठीचे विशेष द्रावण लावणे, परंतु त्याची गरज कोठेही न लिहिणे.

येथे प्रामाणिकपणाची कसोटी लागते. आदेश ७२ ग्रॅमचा आहे आणि ७४ वर दर वाढतो. केवळ दोन ग्रॅमचा फरक आहे, म्हणून वरचा संकेतांक लावला तर ती शासनाची फसवणूक ठरते आणि १८६३ च्या फॉल्स क्लेम्स ॲक्टखाली तिला जबर दंड होऊ शकतो. उलट खालचा संकेतांक लावणे ही सावधगिरी नव्हे. तीही चूकच होय. वस्तुस्थितीला जुळणारा संकेतांक लावणे, एवढाच मार्ग आहे.

रुग्णाच्या बाजूने पाहिले तर मान्य रकमेचे ऐंशी टक्के मेडिकेअर देते व वीस टक्के रुग्णाने वा त्याच्या पूरक विम्याने द्यावयाचे असतात. आयुष्यभर रोज लागणाऱ्या वस्तूचे वीस टक्केही थोडे नसतात. दावाच नामंजूर झाला तर प्रश्न संपूर्ण रकमेचा होतो.

नोंद कशी असावी

दोन नोंदी शेजारी ठेवून पाहू. दोन्ही आम्ही उदाहरणादाखल रचल्या आहेत.

पहिली : ‘रुग्ण अशक्त. खाणे नाही. टीपीएन चालू ठेवावे.’

दुसरी : ‘अमुक तारखेस आंत्रच्छेदन. साठ सेंटिमीटर लहान आतडे शेष, बृहदांत्र सलग नाही. नलिकेने पोषण दहा दिवस देऊन पाहिले असता मलस्राव दुप्पट होऊन शुष्कता आली, म्हणून बंद केले. वजन ५५ किलो. विकार दीर्घ व अनिश्चित काळ राहील. रोज ८० ग्रॅम प्रथिने, शिरामार्गाने, बारा तासांत. पत्नीस कॅथेटरची स्वच्छता शिकविली असून तिने ती करून दाखविली.’

दुसरी नोंद लिहिण्यास फार तर तीन मिनिटे अधिक लागतील. पहिल्या नोंदीवर मात्र कुशल संकेतकही दावा उभा करू शकणार नाही. जे लिहिले नाही ते घडले नाही, असेच तपासनीस धरून चालतो. रुग्ण त्याच्या समोर नसतो. त्याच्यासमोर केवळ कागद असतो.

आयुर्वेदीय विचार

सामान्य स्थितीत अन्नावर जाठराग्नीचे कार्य होऊन आहाररस बनतो व तो धातूंचे पोषण करतो. शिरामार्गी पोषणात कोष्ठ व जाठराग्नी वगळले जातात. म्हणून प्रथिनांऐवजी अमिनो आम्ले व पिष्टाऐवजी डेक्स्ट्रोज, असे पचनानंतरच्या रूपातील द्रव्य द्यावे लागते. पुढील धात्वग्नींचे कार्य मात्र चालूच असते. दीर्घकाळ हे पोषण घेणाऱ्यांत यकृताचे विकार व रक्तशर्करेचे चढउतार आढळतात. त्यांचा या दृष्टीने विचार करता येईल, असे आम्हांस वाटते. बृंहण बस्तीशी याची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु बस्तीला कार्यक्षम पक्वाशय लागतो. म्हणून ही तुलना फार ताणू नये.

चरकसंहितेतील चिकित्सेचे चार पाद येथे अधिक उपयोगी पडतात. वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रुग्ण. द्रावणाचे संकेतांक हे द्रव्याचे होत. साहित्यसंच हे उपस्थात्याच्या शौच या गुणाचे साधन होय. हातमोजे व जंतुनाशक हे वरवर किरकोळ दिसतात, परंतु हृदयानजीक जाणाऱ्या नळीला रोज हात लावणाऱ्या पत्नीच्या वा मुलाच्या शौचावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. रुग्णाचा ज्ञापकत्व हा गुण, म्हणजे ताप, थंडी, कॅथेटरपाशी वेदना होताच सांगणे, येथे प्राणरक्षक ठरतो. वैद्याचे दाक्ष्य नोंदीतही दिसले पाहिजे.

अमेरिकेतील नातलगासाठी औषध मागणारे मराठी कुटुंबीय आपल्याकडे येतात. रुग्ण शिरामार्गी पोषणावर असल्यास आपली जबाबदारी मोठी असते. आखूड आतड्यातून औषधाचे शोषण अनिश्चित असते आणि यकृतावर आधीच भार असू शकतो. ज्यांचे बृहदांत्र सलग आहे त्यांना ऑक्झॅलेटचे मूतखडे होण्याचा धोका असतो. तेथील चिकित्सकांना कळविल्यावाचून काहीही सुरू करू नये. त्या कॅथेटरमध्ये पोषणचमूच्या आदेशाबाहेरचे काहीही जाता कामा नये.

आपल्या व्यवसायासाठी बोध

आपल्याकडेही संकेतांकांची सिद्धता होत आली आहे. आयुष मंत्रालयाचे ‘नमस्ते’ हे पोर्टल २०१७ मध्ये सुरू झाले. त्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्याधींना प्रमाणित संज्ञा व संकेतांक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मधील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत प्रकाशित केला. त्यात या तिन्ही शास्त्रांतील व्याधी आल्या. २४ मे २०२५ रोजी चिकित्साकर्मांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पारंपरिक वैद्यकाचा विभाग करण्यासाठी आयुष मंत्रालय व जागतिक आरोग्य संघटना यांच्यात करार झाला. म्हणजे व्याधीबरोबर पंचकर्मादी कर्मांनाही संकेतांक देण्याची दिशा ठरली.

वरील अभ्यासातील प्रश्न मग आपल्याही समोर येतील. अभ्यंगाचे तैल अभ्यंगाच्या दरात अंतर्भूत की वेगळे? स्नेहन-स्वेदन हे बस्तीचे पूर्वकर्म म्हणून तिच्यातच धरावे की स्वतंत्र? आठ दिवसांच्या बस्तिक्रमात एका दिवशी बस्ती दिली गेली नाही, तर देयकात सात की आठ? यांची उत्तरे सूचीकार व विमाकर्ते देतील. परंतु त्या दिवशी बस्ती का दिली नाही, हे आपणच लिहिलेले असावे लागेल. ‘वातव्याधी, पंचकर्म’ एवढ्या नोंदीवर दाखल रुग्णाचा दावा टिकणार नाही. निदान, दोष-दूष्य, बल, रुग्णाला दाखल करण्याचे कारण, द्रव्याचे नाव व परिमाण, कर्माची तारीख व वेळ, झालेला परिणाम आणि स्वाक्षरी, एवढे तरी प्रत्येक केसपेपरवर असावे.

उपसंहार

शिरामार्गी पोषणाचे संकेतांक पाठ करणे हा या अभ्यासाचा हेतू नव्हता. सूची दरवर्षी बदलते, म्हणून प्रत्यक्ष काम करणाऱ्याने चालू सूचीच पाहावी. संकेतांक बदलले तरी त्यांच्याखालचा आधार बदलत नाही. देयकाची प्रत्येक ओळ चिकित्सकाने लिहिलेल्या एखाद्या वाक्यावर उभी असते. ते वाक्य लिहिण्याचा अधिकार व भार वैद्याचाच आहे. लेखनिक, संकेतक वा विमा प्रतिनिधी ते आपल्या वतीने लिहू शकत नाहीत.

तरुण वैद्य संकेतक म्हणून काम करीत असतील, तर त्यांनी शरीर, व्याधी व द्रव्य यांचे आपले ज्ञान तेथे पूर्णपणे उपयोगात आणावे आणि संशय आल्यास अंदाज न बांधता चिकित्सकाकडे विचारणा पाठवावी. दवाखाना चालविणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींनी आजपासून एका रुग्णाचा केसपेपर त्रयस्थाच्या नजरेने वाचून पाहावा. रुग्णाला न पाहिलेल्या माणसाला त्या कागदावरून व्याधी, चिकित्सा व तिचे कारण समजते किंवा नाही, एवढे तपासले तरी पुरे.